व्हाउचर नसलेला गंधार

बँकेतल्या माणसाला संगीतातलं काही कळत नाही, असा संगीतातल्या मंडळींचा समज आहे. बँकेतल्या माणसाला बँकेतलंही काही कळत नाही, असा खातेदारांचा समज आहे. त्यामुळे पहिला समज मी फारसा मनावर घेत नाही. मात्र बावीस वर्षं काउंटरमागे बसून एक गोष्ट अंगात मुरली आहे. व्हाउचरशिवाय एन्ट्री नाही! प्रत्यक्ष ब्रह्मदेव काउंटरवर येऊन म्हणाला, ‘भरलेत मी पाचशे रुपये, लिहून घ्या,’ तरी त्याला ‘आधी स्लिप भरा’ असंच सांगावं लागतं. आणि नेमक्या याच नियमावरून गाण्याच्या क्लासातल्या मंडळींशी माझं गेली दोन वर्षं भांडण चालू आहे.

प्रकरण साधं आहे. मी गाण्याची वही फोनमध्ये ठेवतो. तारीख, राग, बंदिशीचं नोटेशन, बाईंनी काय सुधारलं, सगळं त्यात. इथपर्यंत कोणाची हरकत नाही. पण जिथे गाडी अडते, त्या ओळीच्या खालीच मी बाईंच्या आवाजातली तेवढीच जागा, पंधरा-वीस सेकंदांची, बसवून ठेवतो. बोट लावलं की वाजते. एवढ्यावरून मला ‘बोलक्या वहीचे शाहीर’ अशी पदवी मिळाली आहे. तेव्हा आता जाहीरच सांगतो: रियाजाच्या वहीत आवाज नसेल, तर ती वही नव्हे, वाण्याची यादी आहे.

याचा अर्थ मी नोटेशनच्या विरुद्ध आहे असा नाही. पंडित भातखंडे यांनी गावोगाव हिंडून, उस्तादांच्या नाकदुऱ्या काढून बंदिशी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसकट छापल्या. पलुस्करबुवांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आपली वेगळी स्वरलिपी रूढ केली. या दोन विष्णूंनी लिहून ठेवलं नसतं, तर आमच्यासारख्यांच्या हाती काय लागलं असतं? पण लिपी म्हणजे एन्ट्री. कोमल गंधार असेल तर ‘ग’खाली आडवी रेघ. आता दरबारीत तीच रेघ, अडाण्यात तीच रेघ, मियाँमल्हारातही तीच रेघ! दरबारीतला गंधार किती संथ डुलतो, रेघ काही सांगत नाही. भूप आणि देसकार घ्या. दोघांच्या खात्यात सा रे ग प ध हेच पाच स्वर. वादी स्वर कोणता ते पुस्तकात दिलंय. भूपाचा गंधार, देसकाराचा धैवत. पण तो धैवत कसा लावला की भूपाचा देसकार होतो, हे कानांनीच कळतं. कागदावर ताळेबंद जुळतो आणि गळ्यात राग बुडतो.

आता विरोधकांकडे वळू. पहिला पक्ष म्हणतो, ‘जुन्या उस्तादांनी कुठे क्लिपा ठेवल्या होत्या? कानानं शिकावं!’ खरं आहे. पण जुने शागीर्द गुरूच्या घरी राहत, पाणी भरत आणि उठता-बसता तेच गाणं ऐकत. मी डोंबिवलीला राहतो. आठवड्याचे तास 168. त्यातला बाईंसमोर एक. उरलेल्या 167 तासांत कानावर काय पडतं? ‘पुढचं स्टेशन’, ‘नंबर किती आला’ आणि ‘सिस्टिम स्लो आहे का हो?’ एवढ्या गदारोळात शनिवारचा निषाद बुधवारपर्यंत जिवंत राहील कसा? शिवाय ही सोवळी मंडळी स्वतः रियाजाला बसतात ती फोनवरचा तंबोरा लावून! तंबोरा फोनमधून आला तर परंपरा, बाईंचा आवाज आला तर भ्रष्टाचार. हा कुठला हिशेब?

दुसरा पक्ष साठेबाजांचा. हे फोन चालू करून अख्खी तालीम मुद्रित करतात. पूर्वी यांच्याच थोरल्या भावांनी नव्वद मिनिटांच्या कॅसेटींनी कपाटं भरली होती. वर्षाला चाळीस-पंचेचाळीस तास जमतात, आणि त्यात ती एक तान कुठे आहे हे एका परमेश्वराला ठाऊक. ऐकतं कोण? पैसे लॉकरमध्ये ठेवून व्याजाची वाट पाहणारे खातेदार मी पाहिले आहेत, हे त्यातले. साध्या एमपी3ची मिनिटभर क्लिप साधारण एक मेगाबाइट होते. वीस सेकंदांना त्याचा तिसरा हिस्सा. म्हणजे वीस क्लिपा सात मेगाबाइटांत बसतात. प्रश्न जागेचा नाही, कात्री चालवण्याचा आहे. कुठे कापायचं हे ठरवताना ती तान चार वेळा ऐकावी लागते, आणि निम्मा रियाज तिथेच होतो.

तिसरा पक्ष मध्यममार्गी. ‘क्लिप दुसरीकडे ठेव, वहीत नुसती लिंक दे,’ असं तो सुचवतो. म्हणजे एन्ट्री इथे आणि व्हाउचर दुसऱ्या शाखेत! फाइलचं नाव बदललं, जागा हलली, जुना फोन धाकट्या चिरंजिवांकडे गेला, की लिंकवर बोट दाबत बसा. म्हणून आवाज वहीच्या आतच हवा, आणि त्या वहीची दुसरी प्रत आणखी कुठेतरी हवी. ऑडिटरला विचारा, तोही हेच सांगेल.

एक मोठा दाखला देतो. 1977 साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं अंतराळात सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. परग्रहावरच्या लोकांना भैरवी कळावी म्हणून कोणी स्वरलिपीचा कागद पाठवला नाही, केसरबाईच पाठवल्या! त्याच तबकडीत एका चित्रात व्हायोलिनशेजारी बीथोव्हेनच्या रचनेचं स्वरलिपीतलं पान आहे, आणि तीच रचना तबकडीवर वाजतेही. लिपी आणि आवाज एकाच ठिकाणी. जे अंतराळात चालतं, ते डोंबिवलीत का चालू नये?

चौथा आक्षेप मात्र खरा आहे. ‘अशानं नक्कल होते. गुरूचा खोकलाही उचलाल.’ होते नक्कल. यावर उपायही बँकेतलाच आहे. चेक आला की आम्ही नमुन्याची सही काढतो आणि शेजारी धरून पाहतो. बाईंची क्लिप ही नमुन्याची सही. तिच्याखाली त्याच ओळीची, त्याच पट्टीतली, स्वतःची क्लिप तारखेसह ठेवा. आधी ही, मग ती, अशी ऐका. कुठे आपला स्वर उतरला, कुठे मात्रा निसटली, सगळं उघडं पडतं. दर महिन्याला तुमची क्लिप बदलेल, बाईंची तीच राहील. हिला नक्कल म्हणत नाहीत, पडताळणी म्हणतात. आणि मला दाट संशय आहे की सगळ्या विरोधाचं मूळ या दुसऱ्या क्लिपेतच आहे. परंपरेची चाड वगैरे ठीक आहे हो; पण स्वतःचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचा धीर किती जणांना असतो? न्हाणीघरातला तानसेन फोनमध्ये सापडत नाही, हे दुःख मोठं आहे.

काही पथ्यं मात्र पाळायलाच हवीत. मुद्रण करायचं ते विचारून. बाईंचा आवाज ही ठेव आहे. ती आपल्या वहीत राहते, नातेवाइकांच्या ग्रुपवर सुप्रभात म्हणून फिरत नाही. आणि प्रत्येक क्लिपेच्या आरंभी राग, ताल, तारीख तोंडानं बोला. गौहरजाननं 1902 साली कलकत्त्यात रेकॉर्डसाठी गाऊन झाल्यावर इंग्रजीतून आपलं नाव ठणकावून सांगितलं; तबकड्या जर्मनीत छापायच्या होत्या, तिथल्या माणसांना कळायला नको? तिला जे सुचलं ते आपल्या ‘न्यू रेकॉर्डिंग 47’वाल्यांना अजून सुचत नाही.

हा सगळा वाद मी गमतीवर नेला असता, पण जमत नाही. आमच्या बाई आज शहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या कपाटात त्यांच्या बुवांनी सांगितलेल्या बंदिशींच्या तीन वह्या आहेत. अक्षर मोत्यासारखं, सम-खाली जागच्या जागी. शिकवताना कधीकधी एखाद्या पानावर त्या थांबतात. बोट एका ‘ग’वर असतं. म्हणतात, ‘इथे बुवा काहीतरी निराळं घ्यायचे. फार सुंदर होतं. काय ते आता आठवत नाही.’ आणि पान उलटतात.

त्या ‘ग’खाली रेघ बरोबर आहे. मात्रा बरोबर आहे. एन्ट्रीत कसलीही चूक नाही. फक्त बुवा गेले तेव्हा व्हाउचर त्यांच्याबरोबर गेलं, आणि जगातली कुठलीही शाखा ते आता पुन्हा काढून देऊ शकत नाही.

तेव्हा शाहीर म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. येत्या शनिवारी मी बाईंना ती वही उघडायला सांगणार आहे. त्यांना आठवतं आहे तोवर, पानागणिक.