आनंद ही चळवळीची चैन नव्हे

"लोक उपाशी आहेत आणि तुम्हाला गाणी सुचतात?" शिबिरात रात्री कुणी ढोलकी काढली किंवा एखाद्या पूर्णवेळ कार्यकर्त्याने चार दिवसांची सुट्टी मागितली, की हा प्रश्न हमखास कानावर येतो. जो जास्त झिजतो तोच खरा निष्ठावंत, असा पक्का समज त्यामागे आहे. या समजापायी चळवळींनी आपली चांगली माणसं गमावली आहेत, म्हणून तो खोडून काढायला हवा.

पहिला आक्षेप असा, की दुःखाच्या जागी आनंद शोभत नाही. पण ज्यांचं दुःख आहे ते काय करतात ते पाहा. मार्च २०१८मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईकडे सुमारे १८० किलोमीटर चालत निघाले. टाचा फुटल्या, तळव्यांना फोड आले. तरी मुक्कामावर घरून आणलेला तांदूळ शिजला, वाद्यं निघाली, फेर धरले गेले. त्या नाचात वनजमिनीच्या हक्काची मागणी तसूभरही सैल झाली नाही. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून याच माणसांनी शेवटचा टप्पा रातोरात चालून आझाद मैदान गाठलं. सरकारने लेखी आश्वासन दिलं, अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २०१९ आणि २०२३मध्ये मोर्चे पुन्हा निघाले. फोडांची आठवण असूनही लोक पुन्हा चालायला तयार होतात, त्यात सोबतीचा वाटा मोठा असतो.

दुसरा आक्षेप, विश्रांती म्हणजे गद्दारी. असं म्हणणारे लढाईची लांबी विसरतात. वनहक्क कायदा २००६चा. दाव्यांची भांडणं अजून चालू आहेत. ग्रामसभेचा ठराव, पुरावे, फेटाळलेला दावा, त्यावरचं अपील हे वर्षानुवर्षांचं काम आहे. तीन वर्षांत खचून घरी बसलेला कार्यकर्ता दहाव्या वर्षीच्या सुनावणीला नसतो, आणि त्याच्याबरोबर गावाचा विश्वास आणि कागदांची माहितीही जाते. झिजणं हीच निष्ठेची मोजपट्टी ठरली की माणूस थकवा लपवतो. मग चिडचिड, सहकाऱ्यांशी भांडणं, आणि एक दिवस तो फोन उचलणंच बंद करतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: आनंदाच्या नावाखाली चळवळीचा इव्हेंट होतो. होतो, हे खरं. पण तो गाण्यामुळे होत नाही; गाणारे मंचावर आणि बाकीचे खुर्च्यांवर बसले, की होतो. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा ते कामगारांच्या वस्तीत कामगारांच्याच बोलीत बोललं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तीच शाहिरी हजारोंच्या तोंडी गेली. त्या लढ्याचा जोर गाण्याने वाढला की घटला, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगावं.

आक्षेपांचं खंडन झालं, आता माझ्या बाजूचं मंडन. आनंदाने पोट भरत नाही, हे मान्य करूनच बोलायला हवं. पण आनंदातून पोटाची सोय होऊ शकते. कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा नटांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. हसणाऱ्या प्रेक्षकांच्या तिकिटांतून कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय झाली. आनंद आणि आधार एकाच प्रयोगातून उभे राहू शकतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

म्हणून प्रत्येक संघटनेने काही गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. मानधन वेळेवर मिळेल. सुट्टी मागावी लागणार नाही, ती ठरलेली असेल. अटक किंवा आजारपणात कार्यकर्त्याचं घर कोण पाहील, हे आधीच ठरेल. बैठकीनंतर सगळे एकत्र जेवतील, आणि त्या जेवणाची भांडी पुरुषही घासतील. बाहेर गाणी रंगलेली असताना बायका चुलीपाशीच असतील, तर त्या आनंदाला सामुदायिक म्हणता येणार नाही.

अन्याय करणाऱ्यांकडे पैसा आहे, पोलीस आहेत आणि वाट पाहण्याची ऐपत आहे. आपण थकून आपसूक पांगू, याच भरवशावर ते तारखा पुढे ढकलतात. तो भरवसा मोडायचा तर आपल्याला एकमेकांच्या सहवासात राहावंसं वाटलं पाहिजे. एवढी सोय जी चळवळ करत नाही, तिने कार्यकर्ते मिळत नाहीत अशी तक्रार करू नये.