पटावरची मुले आणि फडावरची मुले

दसरा उलटला की बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात, आणि दिवाळीनंतर तर कित्येक वाड्यावस्त्यांवर वृद्ध माणसे आणि कुलुपबंद घरे एवढेच उरते. ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जाणारा कष्टकऱ्यांचा हा ओघ नवा नाही. साखर कारखानदारीच्या विस्ताराबरोबर तो वाढत गेला आणि आता राज्याच्या अर्थव्यवहाराचा एक गृहीत भाग होऊन बसला आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मात्र या स्थलांतराची नोंद मोठ्या विचित्र रीतीने होते. मुलाचे नाव शाळेच्या पटावर कायम असते. मूल मात्र शेकडो मैल दूर उसाच्या फडावर असते. ते शाळा सोडून गेले असे कोणी म्हणत नाही आणि ते शाळेत आहे असेही कोणाला म्हणता येत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत लाखो मुलांचे बालपण निघून जात आहे.

मुलांच्या दीर्घकालीन गैरहजेरीला उपाय काय, हा प्रश्न आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे चर्चिला जात आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात सक्तीचा कायदा लागू केला. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात तसाच कायदा करून, मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंडाची तरतूद केली. या थोर पुरुषांची दृष्टी त्यांच्या काळाच्या कितीतरी पुढे होती यात शंका नाही. परंतु सक्ती आणि दंड या दोन्ही उपायांच्या मुळाशी एक गृहीत असते. मूल शाळेत यावे की न यावे हे पालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, आणि ती मर्जी वळविली की काम भागले, असे ते गृहीत होय. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत हे गृहीतच लागू पडत नाही. त्याच्या मुलाची गैरहजेरी ही अनास्थेची निष्पत्ती नसून एका मजुरी-कराराची निष्पत्ती आहे.

हा करार कसा होतो ते पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. तोडणीच्या धंद्यात मजुराची मोजदाद माणसांवर होत नाही, ती ‘कोयत्या’वर होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. हंगामापूर्वी, म्हणजे घरातले धान्य संपत आलेले असते आणि सावकाराचा तगादा लागलेला असतो अशा वेळी, मुकादम या जोडीला ‘उचल’ देतो. ती उचल टनाच्या भावाने काम करून हंगामभरात फेडावयाची असते आणि फिटली नाही तर ती पुढील हंगामावर चढते. आई आणि बाप दोघेही कराराने बांधले गेल्यावर मुलाला गावी सांभाळणार कोण? आजी-आजोबा धडधाकट असतील तर ते मागे राहते. नसतील तर बैलगाडीत वा ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांच्या शेजारी त्याची जागा ठरलेली असते. फडावर गेलेले मूल रिकामे बसत नाही. मोठी मुलगी कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या उचलू लागतो. मजुरीच्या हिशेबात या कामाची नोंद कोठेही नसते, पण त्याच्यावाचून कोयत्याचे टन भरत नाहीत. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर साखरेच्या उत्पादनखर्चाचा एक हिस्सा ही मुले आपल्या शालेय वर्षाच्या रूपाने भरीत असतात, आणि तो हिस्सा कोणत्याही ताळेबंदात दाखविला जात नाही.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. त्यानंतर शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि प्रत्येक मूल नियमित शाळेतच शिकले पाहिजे या तत्त्वामुळे साखरशाळांचा आधार ओसरला. तत्त्व योग्यच होते, परंतु फडाजवळची शाळा गेली आणि नियमित शाळा फडापर्यंत पोहोचली नाही, असा त्याचा व्यवहारातील परिणाम झाला. मग स्थलांतरित मुलांसाठी ‘शिक्षण हमी पत्रक’ आले. ते दाखवून मुलाने जाईल त्या गावच्या शाळेत बसावे, अशी कल्पना. दुसरीकडे, मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आखली गेली. तीत मुलांच्या भोजनाची आणि देखभालीची सोय स्थानिक पातळीवर करावयाची असते. २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही जाहीर झाली.

या साऱ्या उपायांत सद्‌भाव आहे. उणीव आहे ती वेळेची आणि जबाबदारीच्या वाटणीची. गाडी दसऱ्याच्या आगेमागे निघते, कारण कारखान्याचा भोंगा कोणासाठी थांबत नाही. हंगामी वसतिगृहांचे प्रस्ताव, पडताळणी, मंजुरी आणि अनुदान यांचे चक्र मात्र सरकारी पंचांगाने फिरते. आईबाप निघून गेल्यावर उघडणारे वसतिगृह हे पूर ओसरल्यावर बांधलेल्या बंधाऱ्यासारखे असते. हमी पत्रकाची गत याहून निराळी नाही. पत्रक देण्याचे काम बीडच्या शिक्षकाचे. पण ते स्वीकारून मुलाला वर्गात बसविणे, कोपीपासून शाळेपर्यंतच्या अंतराची सोय लावणे हे काम कोल्हापूर, सांगली, सातारा वा सोलापूर जिल्ह्यातील शाळेचे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. तथापि चार महिन्यांसाठी आलेल्या मुलाने ज्या शाळेच्या पटात, शिक्षकसंख्येत वा निधीत काहीच भर पडत नाही, त्या शाळेला ते मूल शोधून काढण्याची आच वाटावी कशी? कर्तव्य एकाकडे, नोंद दुसऱ्याकडे आणि लाभ तिसऱ्याकडे अशी ही विभागणी आहे.

येथे पट आणि हजेरी यांमधील फरकाकडे वळणे भाग आहे. आपल्या शिक्षणव्यवस्थेचा सारा हिशेब पटावर चालतो. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. कमी पटाच्या शाळेवर बंद होण्याची वा दुसऱ्या शाळेत विलीन होण्याची टांगती तलवार असते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरील मुले आणि वर्गातील मुले यांतील तफावत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्या प्रकरणात लबाडी होती आणि तिचा निषेध झाला हे उचितच झाले. परंतु लबाडी नसतानाही पटाचा हिशेब सत्य झाकतो, हे त्या गदारोळात ध्यानी आले नाही. डोंगराळ भागातील दोनशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाने ऊसतोड मुलांची गैरहजेरी प्रामाणिकपणे दाखविली तर त्याच्या शाळेचेच अस्तित्व धोक्यात येते. सत्य सांगणाऱ्याला शिक्षा आणि सत्य झाकणाऱ्याला अभय, अशी ज्या व्यवस्थेची रचना असेल, तिच्याकडून खऱ्या आकड्यांची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

सरासरीचा आकडाही असाच फसवा असतो. समजा, एखाद्या शाळेत ४० मुले आहेत आणि कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षाला २०० दिवस भरतात. त्यांपैकी १० मुले हंगामामुळे १०० दिवस आलीच नाहीत आणि उरलेली ३० मुले रोज आली, तर शाळेची सरासरी उपस्थिती ८७.५ टक्के भरते. हा आकडा पाहून कोणताही अधिकारी समाधानाने पुढे जाईल. प्रत्यक्षात चौथा हिस्सा मुलांचे निम्मे वर्ष बुडालेले असते. अमेरिकेतील शाळा-जिल्ह्यांनी याच कारणासाठी सरासरीचा नाद कमी करून निराळे माप स्वीकारले आहे. वर्षातील १० टक्के वा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहिलेल्या प्रत्येक मुलाची तेथे स्वतंत्र गणना होते. त्या मापाने कोविडपूर्व २०१८-१९ मध्ये सुमारे १५ टक्के असलेले प्रमाण २०२१-२२ मध्ये २८ टक्क्यांच्या घरात गेल्याचे दिसले. आकडा लाजिरवाणा होता. पण तो दिसल्यामुळेच तेथील प्रशासनाला हालचाल करावी लागली. आपल्या ऊसतोड मुलांची गैरहजेरी १० टक्क्यांची नव्हे, ५० टक्क्यांची आहे आणि ती सरासरीच्या पडद्याआड सुखरूप आहे.

या अदृश्यतेची किंमत सर्वांत अधिक मुली मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवावी तर आईबापांच्या जिवाला घोर, आणि फडावर उघड्या कोपीत न्यावी तर त्याहून अधिक. लग्न लावून देणे हा मग त्यांना एकच मार्ग दिसतो. आणि लग्न होताच नव्या जोडप्याचा नवा कोयता तयार होतो व त्याच्या नावावर नवी उचल मिळते. शाळेची गैरहजेरी, बालविवाह आणि उचल या तीन कड्यांची ही साखळी आहे. तिची पहिली कडी शिक्षण विभागाच्या हाती आहे, आणि तीच सर्वांत कमी खर्चात तुटणारी आहे.

त्यातच २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांना त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद पुन्हा आणली. ज्या मुलाला वर्षाचे निम्मे दिवस शाळाच मिळाली नाही, त्याने परीक्षेत नापास व्हावे आणि तो दोष त्याच्या माथी बसावा, हे न्यायाच्या कोणत्याही कसोटीला उतरणारे नाही.

यावर करावयाचे काय? पहिली गोष्ट मापनाची. प्रत्येक जिल्हा परिषदेने सरासरी उपस्थितीबरोबर, एकदशांशाहून अधिक दिवस गैरहजर राहिलेल्या मुलांची संख्या शाळावार आणि महिनावार प्रसिद्ध करावी. स्थलांतरामुळे पट घटलेल्या शाळेची शिक्षकपदे त्या वर्षापुरती सुरक्षित राहतील अशी हमीही सोबत द्यावी, म्हणजे खरे सांगण्याची भीती उरणार नाही. दुसरी गोष्ट वेळेची. कोणत्या गावातून किती कोयते जातात हे मुकादमाला आणि कारखान्याला उन्हाळ्यातच ठाऊक असते. ते शिक्षणाधिकाऱ्याला ठाऊक नसावे याला कारण नाही. वसतिगृहांची मंजुरी पावसाळ्यातच उरकून दसऱ्यापूर्वी चुली पेटल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट जबाबदारीची. मुलाचा पट मुलाबरोबर चालला पाहिजे. विद्यार्थ्यांच्या नोंदी आता संगणकावर आहेत. तेव्हा हंगामापुरती मुलाची नोंद, त्याचे भोजन, त्याची पुस्तके आणि त्याच्यासाठीचा शिक्षक ही सारी सामग्री फडाजवळच्या शाळेकडे वर्ग करणे अशक्य नाही.

उरला पैशाचा प्रश्न. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी, असे धोरण ठरले आहे. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात सुमारे १३ कोटी टन उसाचे गाळप झाले होते. तशा हंगामात या एका तरतुदीतून कारखान्यांचा वाटाच १३० कोटी रुपयांचा होतो आणि शासनाची भर धरता तो दुप्पट होतो. ही रक्कम नियमाने वसूल झाली आणि तिचा ठरावीक हिस्सा मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवला, तर निधीची सबब उरत नाही. यात कोणाकडे दान मागितलेले नाही. आजवर जो खर्च मुलाच्या शाळेच्या दिवसांतून वसूल होत आला, तो साखरेच्या हिशेबात उघडपणे मांडावा, एवढेच म्हणणे आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचे कामगार संघटना आणि साखर संघ यांच्यात ठरले. पुढील कराराच्या वेळी संघटनांच्या नेत्यांनी मुलांच्या शाळेचे कलम दराच्या कलमाइतक्याच आग्रहाने मांडले, तर तो कामगारांचा खरा विजय ठरेल.

तोडणीयंत्रे येत आहेत, त्यामुळे प्रश्न आपोआप मिटेल, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. यंत्र मजुराचा फड काढून घेते, त्याचे कर्ज काढून घेत नाही. उद्या तेच कुटुंब वीटभट्टीवर वा बांधकामावर जाईल आणि मुलाचे नाव पटावर तसेच राहील. यंत्र आले तर उलट या मुलांना शिक्षणाची निकड अधिक भासणार आहे, कारण आईबापांच्या कोयत्याचा आधारही तेव्हा उरणार नाही.

शाहू छत्रपतींच्या कायद्यात दंड पालकाला होता, कारण त्या काळी शाळा उघडून देणे हे आपले काम संस्थानाने केलेले होते. आज पालक मुलाला घेऊन जातो तो उचलीच्या दाव्याने बांधलेला असतो, आणि जेथे तो जातो तेथे शाळा त्याची वाट पाहत नसते. दंडाची भाषा करावयाचीच असेल तर ती आता शासनाला आणि कारखानदारीला उद्देशून करावी लागेल. येत्या हंगामात गाड्या निघण्यापूर्वी किती वसतिगृहे उघडली आणि किती मुले फडाजवळच्या शाळेत दाखल झाली, हे दोनच आकडे प्रत्येक जिल्हा परिषदेने जाहीर करावेत. पटावरचे मूल वर्गात आणण्याची सुरुवात ते कोठे आहे हे मान्य करण्यापासूनच होईल.