एफेससचा निवाडा, उदयंपेरूरची राख

निकियाच्या धर्मपरिषदेला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. जगभर सोहळे झाले. जाणत्या आचार्यांनी एकत्र बसून, विचारविनिमय करून ख्रिस्ती श्रद्धा निश्चित केली, असे या परिषदांविषयी सांगण्याची प्रथा आहे. त्या विचारविनिमयात शेवटचा शब्द कोणाचा होता, हे मात्र सोयीस्करपणे वगळले जाते.

इ.स. ३२५ मध्ये ती परिषद बोलावली रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने. या गृहस्थांचा तोवर बाप्तिस्माही झालेला नव्हता! पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरले आणि ते न मानणाऱ्या एरियसला सम्राटाने हद्दपार केले. पुढे त्याचे ग्रंथ जाळण्याचे व ते दडविणाऱ्यास देहदंड देण्याचे फर्मानही सम्राटाचेच. (निकियात बायबलमधील ग्रंथांची निवड झाली, असे एका इंग्रजी कादंबरीच्या आधारे आपल्याकडील काही उत्साही मंडळी सांगतात. तसे घडलेले नाही. खरा इतिहास इतका बोलका असताना कादंबरीचा टेकू कशाला?)

परंतु खरा मासला पाहायचा तर एफेससचा. कॉन्स्टन्टिनोपलचा आर्चबिशप नेस्टोरियस याचे म्हणणे एवढेच की, मेरीला ‘देवमाता’ म्हणण्यापेक्षा ‘ख्रिस्तमाता’ म्हणावे. ४३१ मध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस याने परिषद भरविली. अलेक्झांड्रियाच्या सिरिलने अंतिऑकचे बिशप वाटेत असतानाच, सम्राटाच्या प्रतिनिधीचा विरोध डावलून, २२ जून रोजी एका दिवसात नेस्टोरियसला पदच्युत करून टाकले. मागून आलेल्या बिशपांनी आपली वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले. सम्राटाने दोन्ही निर्णय मान्य केले! मग सिरिलकडून दरबाऱ्यांकडे नजराणे रवाना झाले: गालिचे, हस्तिदंती खुर्च्या आणि भरपूर सोने. त्यांची यादी आजही उपलब्ध आहे. सिरिल आपल्या गादीवर परतला, पुढे संत ठरला. नेस्टोरियस अखेर इजिप्तच्या वाळवंटात हद्दपार झाला आणि ४३५ मध्ये त्याचे ग्रंथ जाळण्याचा कायदा निघाला.

हे सारे दूर रोमन साम्राज्यात घडले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण रोमन सम्राटाचा हुकूम जेथे चालत नव्हता, त्या इराणी साम्राज्यातील चर्चने नेस्टोरियसला आचार्य मानले. आणि केरळातील प्राचीन ख्रिस्ती समाजाला शतकानुशतके बिशप येत ते त्याच चर्चकडून. स्थानिक राजांच्या छत्राखाली हा समाज आपल्या सिरियाक पोथ्या जपत सुखाने नांदला. त्या पोथ्यांना हात लागला तो १५९९ मध्ये. गोव्याचे पोर्तुगीज आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी कोचीनजवळ उदयंपेरूर येथे परिषद भरविली, नेस्टोरियसला पुन्हा एकदा पाखंडी ठरविले आणि सिरियाक पोथ्या एक तर ‘सुधारण्याचा’ वा जाळण्याचा ठराव केला. त्यानंतर गावोगावच्या चर्चमध्ये पोथ्यांची होळी झाली. ज्यांनी त्या जपल्या तेही ख्रिस्तीच होते. ग्रंथदहनाच्या नावाने गळा काढणाऱ्या आपल्या विचारवंतांच्या तोंडून उदयंपेरूरचे नाव किती वेळा ऐकले, ते वाचकांनीच आठवून पाहावे. त्या ख्रिस्ती समाजाला मात्र विसर पडला नाही. १६५३ मध्ये मट्टांचेरी येथे जमून त्याने जेझुइटांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली.

नेस्टोरियसने हद्दपारीत लिहिलेला ग्रंथ एका सिरियाक भाषांतराच्या रूपाने वाचला आणि १९१० मध्ये छापला गेला. तो वाचून, हा मनुष्य खरोखर पाखंडी होता काय, असा प्रश्न ख्रिस्ती विद्वानांनाच पडला. पुढे ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील त्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ‘देवमाता’ आणि ‘ख्रिस्तमाता’ ही दोन्ही संबोधने योग्य आहेत, असे त्यात मान्य झाले. एफेससनंतर तब्बल १५६३ वर्षांनी! कोणत्या पोथ्या जाळायच्या, त्यांची नावे उदयंपेरूरच्या ठरावांत आजही वाचता येतात.