एकोणीस वर्षांच्या पोरीचा रिपोर्ट

मागच्या आठवड्यात मानोरा तालुक्यातून एका बापाचा फोन आला. गावाचं नाव लिहीत नाही. "भाऊ, पोरीले कॅन्सर हाये म्हणते. पिशवी काढा लागते का?" पोरगी 19 वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नाही. पांढरं पाणी जातं म्हणून खासगी दवाखान्यात नेली, तिथं पॅप टेस्ट झाली. मी रिपोर्ट मागवला. त्यात 'एलएसआयएल' लिहिलेलं. म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींत सौम्य बदल. कॅन्सर नव्हे!

हा बदल एचपीव्ही विषाणूमुळे होतो. शरीरसंबंध सुरू झाल्यावर हा संसर्ग सर्रास होतो आणि या वयात बहुतेकींचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत स्वतःच घालवतं. टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला साधारण 15-20 वर्षं लागतात. म्हणूनच 21 च्या आत ही तपासणी करू नये, असं अमेरिकेतले तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडच्या सरकारी तपासणीचं वय 30 ते 65 आहे.

तपासणी झालीच असेल तर? सौम्य बदलाला थांबायचं, वर्षभरानं पुन्हा पॅप. बदल जास्त असला तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पाहणी. पिशवी काढायचा विषयच नाही. गर्भाशयाचं तोंड विनाकारण कापलं तर पुढं बाळंतपण दिवस भरायच्या आत होण्याचा धोका वाढतो, हे त्या बापाला कुणी सांगितलं? ऊसतोड बायांच्या पिशव्या कॅन्सरची भीती दाखवून काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये बीडमध्ये गाजलं, ते आपण एवढ्यात विसरलो. (एचआयव्ही असेल तर नियम वेगळे. आणि संबंधानंतर रक्त जात असेल तर वय न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जा.)

तपासणी कामाची नाही असं नाही, वय चुकतंय. उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलनं सव्वा लाखावर बायांचा अभ्यास केला. सगळ्या 30 ते 59 वयाच्या. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले.

बापाला विचारलं, पोरीच्या आईची तपासणी झाली का कधी? ती 41 ची.

"तिले काय झालं?" म्हणे.

मी म्हटलं, पोरीला वर्षभरानं न्या. आईला याच आठवड्यात.