हात धरावा की द्यावा?

दिवाळी आटोपली, भाताची कापणी संपत आली आणि पहाटेच्या हवेत गारवा आला, की हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतून शनिवार-रविवारचे बेत ठरू लागतात. कोणाचे शेत कलघटगीकडे असते, कोणाच्या आतेभावाची आंब्याची राई हल्याळच्या वाटेवर असते, कोणी अळणावरपर्यंत आगगाडीने जाऊन पुढे मिळेल त्या वाहनाने रानाकडे वळतात. अशा बेतांत आजीआजोबांना नेतात, तान्ह्या मुलांनाही नेतात. मात्र ओळखीतल्या अंध स्नेह्यांना 'तुम्हीही चला' म्हणणारी घरे फार थोडी. न बोलावण्यामागे दुष्टावा नसतो. 'त्यांना तेथे दिसणार काय?' आणि 'काही कमीजास्त झाले तर?' असे दोन प्रश्न असतात. या महिन्यात त्या दोन प्रश्नांविषयीच लिहावे असे आम्ही योजिले आहे.

परदेशी स्थायिक झालेली आपली मुले सुट्टीस घरी येतात, तेव्हा तिकडच्या एका दृश्याचे वर्णन पुष्कळदा करतात. अंध मनुष्य वाटाड्या कुत्र्यासह बाजारातून, आगगाडीतून, इतकेच नव्हे तर खेड्यापाड्यांच्या पायवाटांवरूनही निर्धास्त चाललेला दिसतो. ही प्रथा फार जुनी नव्हे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे १९१६ साली अशा कुत्र्यांच्या शिक्षणाची शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये राहून कुत्र्यांना शिकविणाऱ्या डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतील ते काम पाहिले आणि १९२७ साली एका अमेरिकन साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. नॅशव्हिल गावच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो लेख वडिलांनी वाचून दाखविला. फ्रँकने बाईंना पत्र धाडले आणि १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला. जाताना त्याला एखाद्या पार्सलासारखे सांभाळून पोहोचते करण्यात आले होते. परतताना 'बडी' नावाची कुत्री त्याच्याबरोबर होती, आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर वार्ताहरांच्या देखत त्याने तेथील वाहता रस्ता तिच्या साथीने ओलांडून दाखविला. १९२९ साली अमेरिकेत 'सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. १९३१ साली इंग्लंडमध्ये वॉलसी येथे पहिल्या चार जणांना असे सोबती मिळाले.

या कुत्र्याविषयी सर्वसाधारण समज असा, की तो धन्याला हव्या त्या ठिकाणी नेऊन पोहोचवितो. वस्तुतः तसे नाही. कोठे जावयाचे आणि कोणत्या वळणावर वळावयाचे हे मनुष्य ठरवितो. रस्त्याचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. रस्ता ओलांडण्याची वेळही तोच वाहनांच्या आवाजावरून ओळखतो, कारण सिग्नलचे दिवे कुत्रा वाचीत नाही. कुत्र्याच्या पाठीवर चामड्याचा साज असतो आणि त्याला एक ताठ मूठ जोडलेली असते. पायरी आली की कुत्रा थांबतो, खड्ड्याला वळसा घालतो, धन्याच्या कपाळाला लागेल अशी फांदी चुकवितो, आणि त्याची प्रत्येक हालचाल त्या मुठीतून धन्याच्या हाताला कळते. थांबण्याचे कारण धनी पायाने चाचपून पाहतो आणि मग पुढची आज्ञा देतो. एकाच प्रसंगी कुत्रा आज्ञा मोडतो. 'चल' म्हटले, पण समोरून मोटार येत असेल, तर तो जागचा हलत नाही. त्याचे शिक्षक यास 'शहाणी अवज्ञा' म्हणतात. त्या एका प्रसंगापलीकडे तो धन्याच्या बेतात ढवळाढवळ करीत नाही.

साज चढविलेला असताना कुत्र्याला परक्याने गोंजारू नये, खाऊ घालू नये, असा दंडक आहे. मोकळ्या माळावर गेले म्हणजे साज उतरवितात आणि त्याच्या गळ्यात एक लहानशी घंटा बांधतात. मग तो मनसोक्त हुंदडतो, आणि तो कोठे आहे हे धन्याला घंटेवरून समजते. आपल्या गुराख्याला रानात पांगलेली गुरे घंटेवरून ओळखू येतात, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या देशात ही प्रथा रुजली नाही. त्यास कारणे आहेत. पिलू सुमारे वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढवावे लागते, नंतर कित्येक महिने शिकवावे लागते, आणि शेवटी धनी व कुत्रा यांना काही आठवडे एकत्र ठेवून एकमेकांची सवय करून द्यावी लागते. इतका खर्च आणि खटाटोप केल्यावर ते जनावर साधारण आठ-दहा वर्षांचे होईतो काम करते. शिवाय आपले फूटपाथ दुकानांनी आणि उभ्या गाड्यांनी अडविलेले, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांचे राज्य. कोणी म्हणेल, आपल्या शेजारच्या मुधोळच्या कुत्र्याची एवढी ख्याती आहे, घोरपड्यांच्या संस्थानाने ती जात सांभाळली, २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, मग तोच का शिकवू नये? परंतु तो शिकारी कुत्रा. दूरवर हललेला ससा डोळ्यांनी टिपून वाऱ्यासारखे धावणे हा त्याचा स्वभाव. माणसाच्या पावलाशी पाऊल जुळवून चालण्यास लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड बरा, असा जगभरचा अनुभव आहे.

तेव्हा आपल्याकडे अंध मनुष्याची भिस्त दोनच गोष्टींवर: हातातली पांढरी काठी आणि सोबत्याचे कोपर. हे कोपर आपले असते. ते कसे वागते, यावर त्याचा प्रवास अवलंबून राहतो.

गेल्या कार्तिकात आम्ही दोन कुटुंबांतील मंडळी आणि आमचे तीन अंध स्नेही असे हल्याळच्या रस्त्यावरील एका शेतावर दोन दिवस राहून आलो. स्नेह्यांमध्ये एक संगीतशिक्षक, एक बँकेत काम करणाऱ्या भगिनी आणि एक महाविद्यालयीन विद्यार्थी. शेताचे मालक आमचे जुने परिचित. त्यांच्या मातोश्रींनी दारातच 'बर्री, कूड्री' म्हणून तिघांचे स्वागत केले आणि लागलीच आम्हांस हळूच विचारले, "यांना भाकरी भरवायला हवी का हो?" बँकेतल्या बाईंनी ते ऐकले. त्या हसून म्हणाल्या, "आजी, ताटात काय कोठे वाढले एवढे सांगा. जेवायला मला कोणी शिकवायला नको." मग आम्ही ताटाला घड्याळ समजून सांगितले: भाकरी सहाच्या जागी, एण्णेगायी बाराला, शेंगांची चटणी नऊला, दह्याची वाटी तीनला. आजींना ही युक्ती इतकी आवडली, की रात्री सर्वांच्याच ताटांत त्यांनी घड्याळ लावले.

'त्यांना तेथे दिसणार काय?' या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दुपारीच मिळाले. धारवाड हे दोन प्रदेशांच्या शिवेवर वसले आहे, हे आपण भूगोलात वाचतो. पूर्वेस नवलगुंद-अण्णिगेरीकडे काळी माती, पश्चिमेस मलनाडाची तांबडी. विद्यार्थ्याचे गाव नवलगुंदकडचे. शेताच्या बांधावर चार पावले टाकताच तो म्हणाला, "काका, ही माती चपलेला धरत नाही. पायाखाली खडे वाजतात." प्रदेश बदलल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो, त्याला ते तळव्यांनी कळले होते. संगीतशिक्षकांनी होल्याचे घुमणे, भारद्वाजाचा खोल हुंकार आणि टिटवीची ओरड निरनिराळी करून दाखविली. इतकेच नव्हे, तर भारद्वाज झाडावर नसून खाली कुंपणाच्या झुडपात आहे, हेही सांगितले. आमच्यापैकी कोणासही तो तोवर दिसला नव्हता. कापलेल्या भाताचा वास, गोठ्यातील उबेचा वास, चुलीवर भाजल्या जाणाऱ्या शेंगांचा वास यांवरून बाईंनी वाड्याची मांडणी मनात बसविली आणि सायंकाळी त्या परसापासून ओटीपर्यंत एकट्या ये-जा करू लागल्या. रात्री वीज गेली. आम्ही काड्यापेटी शोधीत असता विद्यार्थ्याने पिशवीतून 'स्पर्शज्ञान'चा अंक काढला आणि अंधारात बोटांनी आम्हांस वाचून दाखविला. मराठीतील हे ब्रेल नियतकालिक स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केले. आमच्या मंडळींपैकी बहुतेकांनी त्याचे नावही ऐकले नव्हते.

दुसरा प्रश्न उपस्थित झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. शेताच्या टोकाशी ओढा आहे. तिघांनाही पाण्यात उतरावयाचे होते. यजमान घाबरले. "नको, नको, तुम्ही काठावर बसा, आम्ही तांब्याने पाणी आणून देतो," असे म्हणून त्यांनी संगीतशिक्षकांचे मनगट धरले आणि त्यांना मागे ओढले. शिक्षक वयाने साठीचे. त्यांनी हात सोडवून घेतला आणि शांतपणे म्हटले, "साहेब, पाणी किती खोल आहे, तळ कसा आहे आणि ओढ किती आहे, एवढे आम्हांस सांगा. उतरावयाचे की नाही, ते आमचे आम्ही ठरवू."

यजमानांनी मग स्वतः पाण्यात उतरून पाहिले. गुडघाभर पाणी, तळाशी वाळू, पलीकडच्या बाजूस मात्र एक डोह. तसे त्यांनी सांगितले. शिक्षक आणि बाई अलीकडच्या बाजूने उतरले. विद्यार्थ्याला पोहता येत नव्हते. तो होऊन काठावर बसला आणि पाय पाण्यात सोडून राहिला. तिघांनी तीन निर्णय घेतले, आणि तिघांचेही योग्य होते. त्यांपैकी कोणी डोहाच्या दिशेने चालू लागला असता, तर त्यास अडविणे यजमानांचे कर्तव्यच होते. शहाणी अवज्ञा ती हीच. परंतु डोह नसताना अडविणे ही सोबत नव्हे. वाटाड्या कुत्र्याला महिनोन्महिने शिकवून जे अंगी बाणविले जाते, ते शिकविण्यास आपल्या घरांत कोणी शिक्षक येत नाही. मनगट धरून ओढण्यात आपल्याला माया दिसते. ज्याचे मनगट धरले जाते त्याला त्यात आपली किंमत कळते.

खरे पाहता ही गोष्ट आपल्या मुलखास नवी असू नये. येथून सुमारे साठ किलोमीटरवर गदग. तेथील वीरेश्वर पुण्याश्रमाचे पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) जन्मांध होते. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे त्यांनी हिंदुस्तानी गायकीचे शिक्षण घेतले आणि पुढे शिष्यांचा मेळा घेऊन ते गावोगावी हिंडले. त्यांचे शिष्य पुट्टराज गवई (१९१४–२०१०) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. गायन, हार्मोनियम, सारंगी, तबला यांवर त्यांचे प्रभुत्व, आणि आश्रमाचा भार त्यांनी कित्येक दशके वाहिला. २०१० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. या आश्रमात अंध मुले जशी शिकली, तशी डोळस मुलेही शिकली. धारवाडचे बसवराज राजगुरू हे पंचाक्षरींचेच शिष्य. रस्त्यावर शिष्याने गुरूला कोपर द्यावे आणि स्वरांच्या वाटेवर गुरूने शिष्याला न्यावे, असा हा व्यवहार होता. त्यात उपकाराची भाषा कोणाच्या तोंडी येण्याचे कारण नव्हते.

आता थोडे व्यवहाराचे. अंध सोबत्याचा हात आपण धरू नये, आपले कोपर त्याच्या हाताशी न्यावे. तो कोपराच्या किंचित वर धरतो आणि अर्धे पाऊल मागून चालतो, म्हणजे आपल्या शरीराच्या हालचालीवरून त्यास चढउतार समजतो. पायरीपाशी क्षणभर थांबावे आणि 'वर' की 'खाली' ते सांगावे. वाट अरुंद झाली तर आपला हात पाठीमागे न्यावा, तो आपोआप मागे येतो. खुर्चीवर बसविताना खांदे दाबू नयेत, खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात ठेवावा. खोलीतून जाताना 'जातो' असे सांगून जावे, नाही तर तो रिकाम्या खोलीशी बोलत राहतो. त्याची काठी किंवा चप्पल नीटनेटकेपणाच्या भरात उचलून ठेवू नये. प्रश्न त्यालाच विचारावा, बरोबरच्या माणसाला नव्हे. शेतावर पोहोचताच विहीर, गोठा, कुंपणाची तार आणि न्हाणीघर यांच्या दिशा एकदा हिंडवून दाखवाव्यात. आगगाडीने जाणार असाल, तर अंध प्रवाशास आणि त्याच्या सोबत्यास भाड्यात सवलत असते. प्रमाणपत्र बरोबर असू द्यावे.

मुलांना यात अवश्य सामील करावे. आमच्याबरोबरच्या नऊ वर्षांच्या मुलीने पहिल्या दिवशी कोपर देण्याची रीत शिकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती वडिलांनाच बजावू लागली, "बाबा, ओढू नका ना, नुसते सांगा." मोठ्यांना जे उपदेशाने उमगत नाही, ते मुले खेळता खेळता उचलतात.

सुगी अजून संपलेली नाही, हुरड्याचे दिवस पुढे आहेत. येत्या शनिवारचा बेत आखताना ओळखीतल्या एका अंध स्नेह्याचे नाव यादीत घालावे. मात्र त्यांच्या वतीने होकार किंवा नकार आपण गृहीत धरू नये. कोठे जावयाचे आहे, वाट कशी आहे, मुक्कामी काय सोयी आहेत, हे सांगावे आणि यावयाचे की नाही, ते त्यांच्यावर सोपवावे.