नापास करून काय साधतं?

"नापास झालास तर वर्ष वाया" या धाकात आपण शिकलो. म्हणून इथल्या मिडल स्कूलमध्ये कच्ची मुलंही वर ढकलतात हे ऐकलं, की आपण नाराज होतो. पण आपला उपाय शिकागोत करून झाला आहे.

१९९६ पासून तिथल्या सरकारी शाळांनी तिसरी, सहावी आणि आठवीला वाचन-गणितात ठरावीक गुणांची अट घातली. उन्हाळी वर्गानंतरही गुण कमी पडले, तर पुन्हा तीच इयत्ता. अडकली ती बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं.

ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांनी अटीच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्या मुलांची तुलना केली. अशी मुलं जवळजवळ सारखीच, म्हणून तुलना भरवशाची. २००९ मधला त्यांचा निष्कर्ष: आठवीत मागे ठेवल्याने शाळा सोडण्याची शक्यता वाढते. न्यूयॉर्क शहराने २०१४ मध्ये केवळ परीक्षेच्या गुणांवर मुलं अडवणं थांबवलं. महाराष्ट्राने मात्र २०२३ मध्ये पाचवी-आठवीत नापास करणं परत आणलं.

नुसतं वर ढकलणं हाही उपाय नाहीच. पण तेच पुस्तक, त्याच पद्धतीने पुन्हा शिकवून वेगळं काय घडणार? सहावीतच कच्चं मूल ओळखून जादा शिक्षक द्यावा. त्याला पैसे लागतात, आणि ते स्कूल बोर्ड ठरवतं. आपल्यातल्या अनेकांना मत नसलं तरी बोर्डाच्या बैठकीत बोलता येतं. तिथे शिक्षेऐवजी शिक्षक मागूया.