मानवशास्त्रात पीएचडी: विद्यापीठाआधी गाइड का शोधावा लागतो?

नेट पास झालात, विषयही पक्का आहे. मग पीएचडी अडते कुठे? बऱ्याचदा गाइडपाशी. मानवशास्त्राचे विभागच मोजके, त्यामुळे इथे हा प्रश्न जास्त बोचतो.

जागा कमी का असतात?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही.

थोडक्यात, जागा विद्यापीठाकडे नसते, गाइडकडे असते. विभागातलं एक पद रिक्त राहिलं की पीएचडीच्या काही जागाही जातात.

घड्याळ कुठे सुरू होतं?

२०२४-२५ पासून पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण वापरले जातात. जेआरएफ न मिळालेल्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरतात. त्या वर्षात तुमच्या विषयाच्या गाइडकडे जागा निघाली नाही, तर पुन्हा परीक्षा.

कोणताही गाइड का चालत नाही?

मानवशास्त्रात हाडांचा आणि जनुकांचा अभ्यास येतो, तसा नातेसंबंधांचा आणि सणांचाही. कातकरी कुटुंबांच्या स्थलांतरावर काम करायचं असेल, तर कवट्यांच्या मोजमापाचा तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी उपयोगी पडेलच असं नाही.

इरावती कर्वे यांचं उदाहरण बोलकं आहे. मुंबईत घुर्ये यांच्याकडे शिकून त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या ठेवणीचा वंशाशी संबंध आहे का, हे तपासायचं होतं. कर्वेंना तो दिसला नाही आणि प्रबंधात त्यांनी तेच लिहिलं. हे धाडस मोठंच, पण गाइडशी असहमत होण्यासाठी विद्यार्थ्याला धाडस लागू नये.

परदेशात काय वेगळं?

अमेरिकेत अर्ज साधारण डिसेंबरमध्ये जातात, पण प्राध्यापकांना ईमेल त्याच्या दोन-तीन महिने आधी करावा. पहिला प्रश्न हाच: यंदा नवे विद्यार्थी घेणार आहात का? हे विचारणं आता जास्त गरजेचं झालंय. बोस्टन युनिव्हर्सिटीने २०२५-२६ साठी मानवशास्त्रासह अनेक विषयांत पीएचडी प्रवेशच थांबवले होते. नावाजलेलं विद्यापीठ म्हणजे जागा असेलच, असं नाही.

मग शोधायचं कसं?

- 'शोधगंगा'वर त्या गाइडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहा. विषय कोणते, पद्धत कोणती, हे कळतं.
- सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला. लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून मिळतं? फील्डवर्कमध्ये अडचण आली तर फोन उचलतात का? गाइडचं मत खोडणारं लिहिलं तर चालतं का?
- निवृत्तीचं वर्ष आणि रिकाम्या जागा विभागाकडून विचारून घ्या.
- ईमेल छोटा ठेवा. तुमचा प्रश्न काय आणि त्यांच्या कोणत्या कामाशी तो जोडलेला आहे, एवढं पुरेसं.

पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, अनेकदा पाच-सहा. एवढा काळ कोणासोबत काढायचा, हे ठरवायला दोन महिने दिले तर ते वाया जात नाहीत.